ट्रेलरच्या दोन प्रोपेन टाक्या: बदल ऑटोमॅटिक ठेवावा की हाताने करावा?

अमेरिकेत किंवा कॅनडात पहिल्यांदा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, घेतला की त्याच्या तोंडाशी, ट्रकला जोडायच्या लोखंडी त्रिकोणावर, दोन टाक्या शेजारी शेजारी उभ्या दिसतात. त्यांच्यामध्ये एक लहानसा रेग्युलेटर असतो. विकणारा माणूस घाईघाईत सांगतो, "हे ऑटोमॅटिक आहे, तुम्हाला काही करावं लागणार नाही." ट्रेलर जुना असेल तर तो काहीच सांगत नाही. मग ऑक्टोबरात युटामधल्या ब्राइस कॅन्यनला, आठ हजार फूट उंचीवर, पहाटे तीनला फर्नेस, म्हणजे गॅसवर चालणारा हीटर, बंद पडते आणि घरातली सगळी मंडळी कुडकुडत उठून बसतात. हा लेख त्या पहाटेच्या आधी वाचायचा आहे.

ज्यांनी मोटारहोम (स्वतःचं इंजिन असलेलं चाकांवरचं घर) घेतलं आहे किंवा भाड्याने आणलं आहे, त्यांना यातलं बरंचसं लागू होत नाही. मोटारहोमला साधारणपणे एकच टाकी असते, ती गाडीच्या पोटाखाली कायमची बसवलेली असते आणि गॅस भरायला अख्खी गाडीच पंपावर न्यावी लागते. तिथे बदलण्याचा प्रश्नच नाही, आतल्या पॅनेलवरचा काटा पाहत राहिलं की झालं. ट्रॅव्हल ट्रेलर आणि फिफ्थ व्हील (ट्रकच्या हौद्यात अडकवून ओढायचा मोठा ट्रेलर) यांच्या टाक्या मात्र काढता-घालता येतात, आणि एक संपल्यावर दुसरीवर जायचं कसं हा प्रश्न त्यांच्याच मालकांचा.

आधी गॅसची ओळख

भारतातल्या घरात दोन सिलिंडर ठेवायची सवय आपल्याला आहेच: एक चालू, एक भरलेला, आणि चालू असलेला संपला की रेग्युलेटर काढून दुसऱ्यावर लावायचा. ट्रेलरवरची मांडणी त्याच विचाराची आहे, पण आतला गॅस वेगळा आहे. भारतातला स्वयंपाकाचा गॅस हे ब्यूटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण. ब्यूटेनची वाफ व्हायला शून्य अंश सेल्सियसच्या आसपासचं तापमान लागतं, म्हणजे कडाक्याच्या थंडीत तो टाकीत द्रवरूपातच बसून राहील. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ देत राहतो. म्हणून इथे ट्रेलरमध्ये प्रोपेन.

टाकीत तो द्रवरूपात असतो आणि वरच्या मोकळ्या जागेतली वाफ आपण वापरतो. त्या वाफेचा दाब तापमानावर ठरतो. ७० अंश फॅरनहाइटला तो साधारण ११० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) असतो, शून्य अंश फॅरनहाइटला २५च्याही किंचित खाली येतो. टाकी भरलेली आहे की निम्मी, याचा दाबाशी फारसा संबंध नाही. द्रव शिल्लक असेपर्यंत दाब टिकतो आणि द्रव संपला की झपाट्याने पडतो. त्यामुळेच दाब पाहून "अर्धी टाकी उरली" असं कधीच कळत नाही.

शेगडी, फ्रीज, गिझर, फर्नेस या सगळ्यांना मात्र एकच ठरलेला, अगदी कमी दाब लागतो: ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे अर्ध्या पीएसआयपेक्षाही कमी. टाकीतला चढउताराचा दाब दोन टप्प्यांत या पातळीवर आणायचं काम रेग्युलेटर करतो. पहिल्या टप्प्यात दहा-पंधरा पीएसआयपर्यंत, दुसऱ्या टप्प्यात ११ इंचांवर. ऑटोमॅटिक बदल ही या पहिल्या टप्प्यातच केलेली एक सोय आहे.

तुमच्या ट्रेलरवर काय बसवलं आहे?

टाक्यांवरचं प्लास्टिकचं झाकण काढा. रेग्युलेटरला दोन्ही टाक्यांकडून दोन जाड नळ्या येतात, त्यांना इथे पिगटेल म्हणतात. आता रेग्युलेटरच्या अंगावर पाहा. एक तरफ असेल, तिचं टोक एका टाकीकडे वळलेलं असेल आणि जवळच हिरवा-लाल रंग दाखवणारी काचेची किंवा प्लास्टिकची छोटी खिडकी असेल, तर तो ऑटोमॅटिक. खिडकी नसेल, दोन्ही नळ्या एका पितळी जोडावर येऊन पुढे साध्या रेग्युलेटरला मिळत असतील, तर ती मॅन्युअल मांडणी. काही मॅन्युअल मांडण्यांतही एक दांडी असते, पण ती गॅसची वाट एका बाजूने उघडते आणि दुसरीकडून बंद करते, एवढंच तिचं काम. तरफ दिसली म्हणजे ऑटोमॅटिक असं धरून चालू नका. खूण रंगाच्या खिडकीची.

दोन्ही पद्धती आतून कशा चालतात

मॅन्युअलमध्ये समजून घेण्यासारखं फारसं नाही. एका टाकीचा व्हॉल्व उघडा, दुसरीचा बंद. पहिली संपली की गॅस थांबतो, तुम्ही बाहेर जाता, पहिली बंद करता, दुसरी उघडता. फक्त एक जपायचं: साध्या पितळी जोडात उलट जाणारा गॅस अडवणारी झडप नसेल, तर दोन्ही टाक्या एकदम उघडल्यास एकीतला गॅस दुसरीत शिरू शकतो, आणि एक टाकी काढून दुसरी चालू ठेवली तर मोकळ्या नळीतून गॅस थेट बाहेर येतो. म्हणून अशा मांडणीत टाकी काढायच्या आधी दोन्ही व्हॉल्व बंद करायचे, आणि काढल्यावर रिकाम्या नळीला बूच लावल्याशिवाय उरलेली टाकी उघडायची नाही.

ऑटोमॅटिकची गोष्ट जास्त रंजक आहे. तरफ ज्या टाकीकडे वळलेली असते ती चालू टाकी, दुसरी राखीव. चालू बाजूची वाट थोड्या जास्त दाबावर लावलेली असते, राखीव बाजूची थोड्या कमी. चालू टाकीत दाब आहे तोवर राखीव बाजू दबून राहते. चालू टाकीतला द्रव संपला, दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की राखीव बाजूचा गॅस आपोआप वाहू लागतो आणि खिडकीतला हिरवा रंग जाऊन लाल येतो. आत शेगडीची ज्योत हलतसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना उलट प्रवाह अडवणाऱ्या झडपा असल्यामुळे तरफ राखीव टाकीकडे वळवून, रिकामी टाकी बंद करून, काढून भरायला नेता येते. त्या वेळात फ्रीज आणि फर्नेस चालूच राहतात.

नवख्यांचा घोळ होतो तो पुढच्या मुद्द्यावर. राखीव टाकीचा व्हॉल्व उघडा असेल तरच हा आपोआप बदल होतो. रेग्युलेटर स्वतः कुठलाही व्हॉल्व उघडत नाही. आणि तरफसुद्धा आपोआप फिरत नाही, ती हातानेच फिरवावी लागते. आपोआप होतं ते फक्त गॅसचं एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर जाणं.

मग घ्यावं काय?

माझं मत स्पष्ट आहे: रेग्युलेटर ऑटोमॅटिक ठेवा. किंमत साधारण शंभर डॉलरच्या आत असते आणि लहान मुलं किंवा भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील, तर थंडीच्या रात्री अखंड चालणाऱ्या फर्नेसचं मोल त्याहून कितीतरी मोठं आहे. पण त्याच्या जोडीला मॅन्युअलवाल्यांची एक सवय उचला.

मॅन्युअलवाल्याला टाकी संपलेली कळतेच, कारण गॅस थांबतो. त्याला दुसरी टाकी भरलेली आहे हे ठाऊक असतं आणि रिकामी भरून घ्यायची आठवणही तिथेच होते. ऑटोमॅटिकवाल्याला काहीच कळत नाही. खिडकी झाकणाखाली लपलेली, लाल झालेली कुणी पाहत नाही, राखीव टाकी चालू टाकी होऊन गुपचूप संपत राहते आणि एके दिवशी दोन्ही रिकाम्या. तेव्हा हाताशी काहीच उरत नाही. ऑटोमॅटिकवर नाराज असलेल्या बहुतेकांची तक्रार ही असते, आणि त्यात रेग्युलेटरचा दोष नसतो.

यावर मधला मार्ग आहे आणि मला तो फार आवडतो. ऑटोमॅटिक रेग्युलेटर ठेवायचा, पण उन्हाळ्यात राखीव टाकीचा व्हॉल्व बंद ठेवायचा. शेगडी विझली की समजायचं, बाहेर जायचं, राखीव टाकी उघडायची, तरफ तिच्याकडे वळवायची आणि रिकामी टाकी पुढच्या गावात भरून घ्यायची. उन्हाळ्यात गॅस पाच मिनिटं थांबला तर चहा उशिरा होईल, यापलीकडे काही बिघडत नाही. रात्रीचं तापमान ४० फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल तर मात्र दोन्ही व्हॉल्व उघडे ठेवायचे आणि रोज संध्याकाळी, काळोख पडायच्या आत, झाकण उचलून खिडकी पाहायची. काही झाकणांना खिडकीसमोर भोक असतं. नसेल तर पाडून घ्यायला हरकत नाही.

फक्त शेगडीपुरता गॅस वापरणारे, कायम वीजजोडणी असलेल्या जागीच उतरणारे आणि विजेचा हीटर लावणारे लोकही आहेत. त्यांना मॅन्युअल पुरेसं आहे. चालत्या गोष्टीवर उगाच खर्च करू नका.

टाकी किती दिवस जाईल याचा हिशेब

ट्रेलरवर बहुधा २० किंवा ३० पौंडी टाक्या असतात. टाकी ८० टक्केच भरली जाते, कारण ऊन लागलं की द्रव प्रसरण पावतो आणि त्याला जागा हवी. २० पौंडी टाकीत साधारण ४.७ गॅलन प्रोपेन मावतो, ३० पौंडीत ७ गॅलनच्या आसपास. एका पौंडातून सुमारे २१,५०० बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक) उष्णता मिळते, म्हणजे २० पौंडांतून ४ लाख ३० हजार.

आता खर्चाची बाजू. मध्यम ट्रेलरची फर्नेस तासाला ३०,००० बीटीयू घेते असं धरा. थंड रात्री दहा तासांतला एक तृतीयांश वेळ ती प्रत्यक्ष जळत असेल, तर रात्रीला एक लाख बीटीयू गेले. म्हणजे पाऊण-एक नव्हे, जवळपास पावणेपाच पौंड गॅस. एक २० पौंडी टाकी चार रात्री. थर्मोस्टॅट (आतलं तापमान ठरवणारं बटण) ७२ फॅरनहाइटवर ठेवलात आणि बाहेर गोठतं आहे, तर तीनच. याउलट गॅसवर चालणारा फ्रीज तासाला दीड हजार बीटीयूच्या आसपास घेतो, त्याला तीच टाकी दहा-बारा दिवस पुरते. शेगडीचा खर्च याहूनही किरकोळ. पोळ्या करा, पुरणपोळ्या करा, काळजी नको. टाकी खाते ती फर्नेस.

किती उरलं हे पाहायचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वजन. टाकीच्या वरच्या कड्यावर टीडब्ल्यू ही अक्षरं आणि पुढे एक आकडा ठोकलेला असतो, ते रिकाम्या टाकीचं वजन. भारतातल्या सिलिंडरवरही तो लिहिलेला असतो. एकूण वजनातून तो वजा करा, उरला तो गॅस. टीडब्ल्यू १७ आणि काटा २९ दाखवतोय, तर १२ पौंड गॅस आहे. काटा कुठून आणायचा? भारतात जाताना बॅगा मोजायला घेतलेला हातात धरायचा काटा घरी असतोच, तो ट्रेलरमध्ये ठेवून द्या. भरलेली २० पौंडी टाकी ३७-३८ पौंडांची भरते, काट्याच्या सहज आवाक्यात.

काटा नसेल तर टाकीच्या एका बाजूवरून तांब्याभर गरम पाणी ओता आणि हात फिरवा. द्रव आहे तिथपर्यंत पत्रा थंडगार लागतो, त्याच्या वर कोमट. अंदाजापुरतं हे चांगलं.

रोजचा वापर: उघडणं आणि बदलणं

व्हॉल्व हळू उघडा. नव्या पद्धतीच्या पिगटेलच्या टोकाला प्लास्टिकचं मोठं चाक असतं, हिरवं किंवा काळं. त्यात जास्तीचा प्रवाह अडवणारी सुरक्षा असते. नळी तुटून गॅस भसाभस सुटला तर ती वाट जवळजवळ बंद करते. व्हॉल्व झटक्यात उघडला की तिला वाटतं नळीच तुटली. मग गॅस इतका थोडा येतो की शेगडीची ज्योत बारीक जळते आणि फर्नेस पेटतच नाही. असं झालं तर आतली सगळी उपकरणं बंद करा, टाकीचा व्हॉल्व बंद करा, काही मिनिटं थांबा आणि पुन्हा सावकाश उघडा, पहिली फेरी तर अगदीच हळू. "टाकी भरलेली असून गॅस येत नाही" या तक्रारीचं निम्म्या वेळा हेच कारण असतं. ते चाक आगीत वितळून गॅस बंद व्हावा अशीही रचना आहे, म्हणून ते चिरलं असेल तर नळीच बदला.

ऑटोमॅटिक रेग्युलेटरवर टाकी बदलायचा क्रम असा:

१. खिडकी लाल दिसली की तरफ पूर्णपणे दुसऱ्या टाकीकडे वळवा. मधोमध ठेवू नका, काही रेग्युलेटर तिथे दोन्ही टाक्यांतून गॅस ओढतात.

२. खिडकी हिरवी झाली का पाहा. झाली नाही तर दुसरी टाकी बंद तरी आहे किंवा रिकामी तरी. ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. संपलेल्या टाकीचा व्हॉल्व बंद करा. रिकामी असली तरी बंद करायचाच.

४. पिगटेलचं चाक हाताने सोडवा. ही नेहमीची आटी, डावीकडे फिरवली की सुटते. पण जुन्या ट्रेलरवर पितळी टोकाची, पान्याने बसवायची नळी असेल तर तिची आटी उलटी असते: उजवीकडे फिरवली की सुटते. जोर लावण्याआधी कुठली आहे ते पाहा.

५. टाक्यांना धरून ठेवणारी मधली पट्टी ढिली करा आणि टाकी उचला. दुसरी टाकी हलत नाही ना, याकडे लक्ष द्या.

६. भरून आणलेली टाकी बसवा, पट्टी आवळा, चाक हाताने घट्ट करा, पान्याने नको. व्हॉल्व हळू उघडा आणि जोडावर साबणाचं पाणी लावा.

साबणाच्या पाण्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण हे टाळलं जातं. भांडी घासायचा साधा द्रव साबण पाण्यात मिसळून फवारणीच्या बाटलीत ठेवा. अमोनिया किंवा क्लोरीन असलेला नको, तो पितळ खराब करतो. जोडावर फवारा, अर्धा मिनिट पाहा. बुडबुडे फुगत राहिले तर गळती आहे. काडी किंवा लायटर लावून गळती शोधायची नाही, कधीही नाही. प्रोपेन हवेच्या दीडपट जड आहे, तो वर उडून जात नाही, खाली साचतो. म्हणूनच ट्रेलरमधलं गॅस ओळखणारं यंत्र जमिनीलगत बसवलेलं असतं. त्या यंत्राचं आयुष्य पाच ते सात वर्षांचं असतं आणि पाठीमागे तारीख छापलेली असते. जुना ट्रेलर घेतला असेल तर रेग्युलेटरच्याही आधी ते पाहा.

आत गॅसचा वास आला किंवा हे यंत्र वाजलं, तर दिव्याचं बटणही दाबू नका. सगळ्यांना बाहेर काढा, टाक्यांचे व्हॉल्व बंद करा, लांब जाऊन ९११ला फोन करा.

मॅन्युअल काढून ऑटोमॅटिक बसवायचा असेल तर

पाना धरायची सवय असेल तर तासाभराचं काम आहे. नसेल तर आरव्ही (ट्रेलर आणि मोटारहोम) दुरुस्त करणाऱ्याला बोलवा, यात कमीपणा काही नाही.

दोन्ही टाक्या बंद करा आणि आत शेगडीचा एक बर्नर पेटवून नळीतला उरलेला गॅस जाळून टाका. ज्योत आपोआप विझली की बर्नर बंद करा. पिगटेल दोन्ही टोकांनी काढा. मग रेग्युलेटरच्या खालून ट्रेलरच्या आत जाणारी मुख्य नळी सोडवा. इथे दोन पाने वापरा, एकाने जोड धरून ठेवा आणि दुसऱ्याने फिरवा, म्हणजे नळी पिळणार नाही. जुना रेग्युलेटर पट्टीवरून काढा, नवा लावा.

सांध्यांवर टेप लावायचा की नाही यात लोक हमखास गोंधळतात. निमुळत्या होत गेलेल्या पाइपच्या आटीवर गॅससाठीचा पिवळा टेप किंवा गॅससाठीचंच सांधे बंद करणारं मलम लावायचं. पांढरा नळाचा टेप नको. पिगटेल रेग्युलेटरला जिथे जोडली जाते आणि मुख्य नळी जिथे जोडली जाते, तिथे धातूवर धातू बसून सांधा बंद होतो. तिथे टेप, मलम, काही लावायचं नाही. लावलं तर उलट गळेल.

रेग्युलेटरच्या श्वासाचं, म्हणजे हवा आत-बाहेर जायचं, भोक खालच्या दिशेला हवं. वर किंवा आडवं राहिलं तर पावसाचं पाणी आत जातं, थंडीत गोठतं आणि दाब बिघडतो. वर झाकणही हवंच. दाबाचा स्क्रू कारखान्यातून लावून आलेला असतो, त्याला हात लावू नका.

नव्या मांडणीला नवीनच पिगटेल घ्या, जुन्यांचं रबर तडकलेलं असतं. सगळं बसल्यावर एक टाकी हळू उघडा, साबणाचं पाणी लावा, मग दुसरी उघडून तसंच करा. आत आधी शेगडी पेटवा म्हणजे नळीतली हवा निघून जाईल, नंतर फ्रीज आणि फर्नेस. शेवटी तरफ एकदा इकडे आणि एकदा तिकडे करून, चालू टाकी बंद करून पाहा: काही क्षणांत खिडकी लाल व्हायला हवी आणि ज्योत तशीच राहायला हवी. पुढच्या देखभालीच्या वेळी तंत्रज्ञाकडून ११ इंचांचा दाब आणि पूर्ण प्रणालीची गळती मोजून घ्या. ते मापक घरी असायची गरज नाही.

थंडीतले फसवे इशारे

कडाक्याच्या थंडीत खिडकी लाल झाली तरी टाकी रिकामी असेलच असं नाही. फर्नेस जोरात चालू असताना द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते, ती टाकीच्या पत्र्यातून ओढली जाते, पत्र्यावर बाहेरून दव धरतं, कधी बर्फ. टाकीत गॅस कमी असेल तर वाफ पुरेशा वेगाने होत नाही, दाब पडतो आणि राखीव टाकी मदतीला येते. सकाळी ऊन लागलं की तीच खिडकी पुन्हा हिरवी होते. अशा टाकीत दोन-चार पौंड गॅस सहज उरलेला असतो. भरायला नेण्याआधी वजन करा.

फर्नेस पेटली नाही की सगळे गॅसला दोष देतात, पण फर्नेसचा पंखा ट्रेलरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालतो. पंखाच फिरत नसेल तर आधी बॅटरी पाहा. पंखा फिरतोय आणि गरम हवा येत नाही, तर गॅस पाहा. टाकी बदलूनही पेटली नाही, तर ती काही वेळा प्रयत्न करून स्वतःला बंद करून बसलेली असते. थर्मोस्टॅट बंद करून पुन्हा चालू करा. फ्रीजही असाच रुसतो, त्याचंही बटण बंद-चालू करावं लागतं. गॅस परत आल्यावर हे करायला विसरलं की सकाळपर्यंत दही-दूध कोमट झालेलं असतं.

भरून घेताना

टाकीवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. अमेरिकेत त्या तारखेपासून १२ वर्षांनी आणि कॅनडात १० वर्षांनी टाकीची पुन्हा तपासणी करावी लागते. त्याशिवाय नियमाने वागणारा पंपवाला भरून देत नाही, आणि तो बरोबरच करतो. भारतात सिलिंडरवर तिमाहीचं ए, बी, सी, डी आणि वर्ष पाहायची सवय असेल तर इथेही तेवढं पाहाच. व्हॉल्वचं चाक तीन पाकळ्यांचं आहे का हेही पाहा. ८० टक्क्यांवर भरणं थांबवणाऱ्या व्हॉल्वची ती खूण आहे, आणि २००२पासून लहान टाक्यांना तो नसेल तर त्या भरून मिळत नाहीत.

दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून टाकी अदलाबदल करून घेणं सोपं आहे, पण तिथल्या २० पौंडी टाकीत बहुधा १५ पौंडच गॅस असतो. भरून घेणं जवळपास नेहमी स्वस्त पडतं. टाकी कारमधून नेताना उभी आणि घट्ट बांधून न्या, आणि उन्हात गाडीत ठेवून खरेदीला जाऊ नका.

रस्त्यावर

गाडी चालू असताना दोन्ही टाक्या बंद ठेवा असा माझा आग्रह आहे. पुष्कळ लोक फ्रीज गॅसवर चालू ठेवून प्रवास करतात. पण अपघातात नळी तुटली तर उघडी टाकी हा फार मोठा धोका आहे, आणि भरलेला, नीट बंद ठेवलेला फ्रीज चार-पाच तास गार राहतो. टाक्या बंद करून निघालात की मुक्कामी पोचल्यावर दोन्ही उघडायच्या की एकच, हे त्याच वेळी ठरवा.

पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी बोगद्यांचे नियम आधी पाहावेत. न्यू यॉर्कच्या हॉलंड आणि लिंकन बोगद्यांतून प्रोपेन घेऊन जाता येत नाही. जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून जायचं तर वरच्या मजल्याने. बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री आणि हार्बर या दोन्ही बोगद्यांत १० पौंडांहून मोठ्या टाक्यांना बंदी आहे, व्हॉल्व बंद असले तरीही. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायच्या. तो पूल २६ मार्च २०२४ला जहाजाच्या धडकेने कोसळला, त्यामुळे आता ६९५ क्रमांकाच्या रिंगरोडच्या पश्चिम अंगाने वळसा घालावा लागतो. न्यू जर्सीतल्या एडिसनहून व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ नॅशनल पार्कला निघालात तर बाल्टिमोरच्या वाटेला जायचं कारणच नाही: ७८ क्रमांकाच्या महामार्गाने पश्चिमेला जाऊन ८१ने दक्षिणेला उतरा. त्या वाटेवर बोगदाही नाही आणि हॅरिसबर्गच्या पुढे गॅस भरून घ्यायला थांबायच्या जागाही मुबलक आहेत.